झिजायचे कोणी?

दिवाळी चार दिवसांवर आली की मध्यमवर्गीय घरात एक प्रसंग हमखास घडतो. चकलीची भाजणी दळून आलेली असते, नारळ फोडलेले असतात, पाहुण्यांची पत्रे आणि फोन येऊन गेलेले असतात, आणि नेमका त्याच वेळी मिक्सर रडू लागतो. आधी बारीक किणकिण, मग करकर, मग थोडासा जळका वास. दुरुस्तीवाला भांडे उलटे करतो, बुडाशी असलेला दांडा बोटाने हलवून पाहतो आणि निर्विकार चेहऱ्याने निकाल देतो, "वहिनी, बुश गेलाय."

बुश गेला म्हणजे नेमके काय गेले आणि कुठे गेले, हे विचारण्याच्या मनःस्थितीत त्या घटकेला घरात कोणीच नसते. वास्तविक प्रश्न मोठा विचारण्याजोगा आहे. बुश म्हणजे ब्राँझची पेराएवढी नळी. तिच्यातून पोलादाचा दांडा फिरतो. वर्षानुवर्षे दोघे एकमेकांवर घासतात. पण दांडा जवळजवळ होता तसाच राहतो आणि नळी मात्र आतून झिजून सैल होते. हा काही योगायोग नव्हे. पायातली वहाण झिजते म्हणून पाय वाचतो, त्यातलाच हा प्रकार. दांडा बदलायचा तर सारे यंत्र उघडावे लागते. बुश थोड्या पैशांत बदलता येतो. म्हणून ज्याने यंत्राचा आराखडा केला त्याने आधीच ठरवून टाकलेले असते की, झिजायचे ते बुशाने.

धातूवर धातू सरकला की झीज ही आलीच. ती थोपवून धरता येते, लांबणीवर टाकता येते, पण टाळता येत नाही. माणसाच्या हाती एवढेच उरते की, झिजायचे कोणी आणि कसे, हे आधी ठरवावे. हे ठरवण्याचे त्याचे मुख्य हत्यार म्हणजे मिश्रधातू. कोणत्या धातूत दुसरा कोणता धातू किती घातला म्हणजे त्याच्या पोटात कशी रचना तयार होते आणि ती रचना घासण्याला कशी तोंड देते, याची ही हकिकत आहे.

सोन्याची झीज

या शास्त्रातला एक फार जुना प्रयोग सोन्यावर झाला, हे ऐकून आमच्या वाचक भगिनींना बरे वाटेल. आजीच्या हातच्या बांगड्या आईच्या हाती येईपर्यंत बारीक होतात, हे घरोघरी ठाऊक आहे. बांगडीवर बांगडी घासते आणि सोने कणाकणाने जाते. इंग्लंडच्या सरकारला अठराव्या शतकाच्या अखेरीस हीच चिंता आपल्या सोन्याच्या नाण्यांबद्दल पडली. नाणी वजनात उतरत होती. सोने फार मऊ म्हणून ती झिजतात, की फार कठीण केल्यामुळे एकमेकांना ओरबाडतात? १७९८ साली सरकारी समिती नेमली गेली. हेन्री कॅव्हेंडिश आणि चार्ल्स हॅचेट या दोन शास्त्रज्ञांकडे प्रश्न सोपवला गेला. त्यांनी निरनिराळ्या मिश्रणांची नाणी यंत्राने एकमेकांवर घासून त्यांची घट मोजली. हॅचेटचा निबंध १८०३ साली प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष असा निघाला की, अति मऊपणा आणि अति कठीणपणा ही दोन्ही टोके टाळावीत. तांबे आणि चांदी घालून माफक कठीण केलेले बावीस कॅरटचे सोनेच नाण्यांना सर्वांत सोयीचे. बावीस कॅरट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोने. आज पाडव्याला आपण जे ९१६ शिक्क्याचे दागिने घेतो, त्यांचे प्रमाणही तेच आहे. शुद्ध सोन्यात सोनार तांबे मिसळतो तो केवळ नफ्यासाठी, असा एक समज आहे. पण त्या तांब्यावाचून रोज अंगावर वागवायची बांगडी फार दिवस बांगडी राहणार नाही.

फणसावर फणस

झीज समजायची तर दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात म्हणजे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. घासूनपुसून आरशासारखा केलेला पोलादाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर उंचवटे आणि खळगे दिसतात. असे दोन तुकडे एकावर एक ठेवणे म्हणजे फणसावर फणस ठेवणे होय. काटे काट्यांना टेकतात. सालीला साल लागत नाही.

मग किती भाग खरोखर टेकतो? याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. दर चौरस मिलिमीटरला सुमारे शंभर किलो भार पडला की मऊ पोलाद दबू लागते. तेव्हा दहा किलोचे वजन ठेवले तर टेकलेली टोके इतकी चेपतील की त्या सर्वांचे मिळून क्षेत्र एक चौरस मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतके होईल. मग पोलादाचा तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा असो की जेवणाच्या ताटाएवढा असो. वजन दुप्पट केले की टेकलेले क्षेत्र दुप्पट होते. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, वस्तूच्या आकाराशी त्याचा संबंध नसतो, हा नियम लिओनार्दो दा विंचीने आपल्या वहीत नोंदून ठेवला होता. फ्रान्समध्ये आमाँताँने तो १६९९ साली नव्याने मांडला. त्यामागचे कारण मात्र विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर या जोडीने नीट उलगडले. त्यांचा ग्रंथ १९५० साली निघाला.

या टोकांवर मोठी विलक्षण गोष्ट घडते. दाबाखाली धातूवरची गंजाची पातळ साय फाटते, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि आगीवाचून, डागावाचून दोघे तिथल्या तिथे जुळून येतात. पुढे सरकायचे तर हे सांधे तोडावे लागतात. तोडायला लागणारे बळ म्हणजेच घर्षणाचा मोठा भाग. सांधा जुळल्या जागीच सुटला तर ठीक. पण तो एका धातूच्या अंगातून तुटला तर त्याचा लचका दुसऱ्याला चिकटून जातो. ही झाली झीज.

यातूनच एक व्यवहारी नियम निघतो. एकाच जातीचे दोन धातू एकमेकांवर सरकवू नयेत. ते फार चटकन जुळतात. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टवर स्टेनलेस स्टीलचाच नट कोरडा पिळला तर तो मध्येच असा बसतो की पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. शेवटी करवत लावावी लागते. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेले हे पोलाद गंजाला दाद देत नाही, पण आपल्या भाईबंदाला भेटताच गळामिठी घालते. त्याच्या मिश्रणात फेरफार करून, सुमारे चार टक्के सिलिकॉन आणि आठ टक्के मँगेनीज घालून केलेले एक पोलाद या गळामिठीतून बरेच सुटते. किंवा साधा उपाय म्हणजे नट ब्राँझचा घ्यावा.

मग घर्षण कमी करायला अगदी कठीण धातू घ्यावा की अगदी मऊ? कठीण घेतला तर टेकणारी टोके थोडी असतात, पण प्रत्येक सांधा चिवट. मऊ घेतला तर सांधे दुबळे, पण धातू चेपून ते पुष्कळ ठिकाणी होतात. एका हाताने मिळवावे ते दुसऱ्या हाताने जाते. यावर तोड एकच: हाड कठीण आणि कातडी मऊ. भार कठीण धातूने पेलावा आणि सरकणे त्याच्यावरच्या मऊ धातूच्या पातळ थरात व्हावे. एकाच शुद्ध धातूला हे दोन गुण एकदम दाखवता येत नाहीत. मिश्रधातूला येतात.

बॅबिटची बर्फी

बाउडन आणि टेबर यांच्या शंभर वर्षे आधी हे गुपित कारागिराच्या हाती लागले होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आयझॅक बॅबिट याने १८३९ साली बेअरिंगचे एक पेटंट घेतले. बेअरिंगचा सांगाडा कणखर धातूचा करावा आणि त्याच्या आत मऊ पांढऱ्या धातूचे अस्तर ओतावे, अशी त्याची युक्ती होती. ती इतकी उपयोगी ठरली की अमेरिकेच्या काँग्रेसने त्याला वीस हजार डॉलर दिले. आजही या अस्तराला बॅबिट किंवा व्हाइट मेटल म्हणतात. त्याचे एक नेहमीचे प्रमाण असे: कथील ८९ टक्के, अँटिमनी साडेसात टक्के, तांबे साडेतीन टक्के.

कथील आपल्या घरात पूर्वी कल्हईच्या रूपाने येत असे. गल्लीत कल्हईवाला भाता लावून बसे, भांडे तापवी, नवसागर टाकी आणि कापसाच्या बोळ्याने चकचकीत कथील फिरवी. व्हाइट मेटल ओतणारा कारागीरही आधी सांगाड्याला अशीच कल्हई करतो. नाही तर अस्तर धरत नाही.

आता हे अस्तर कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. अँटिमनी पुरेसा असेल तर मऊ कथलाच्या शिऱ्यात बर्फीच्या वड्यांसारखे लहान लहान घन दिसतात. कथील आणि अँटिमनी यांच्या संयोगाने झालेले हे कठीण स्फटिक. त्यांच्यामधून शेवयांसारख्या सुया पसरलेल्या असतात. त्या कथील आणि तांबे यांच्या संयुगाच्या. तांब्याचे काम मोठे गमतीचे आहे. हे घन वितळलेल्या रसापेक्षा हलके असतात. रस थंड होताना ते कढईतल्या पुऱ्यांसारखे वर तरंगून यायचे, आणि अस्तर वर कठीण व खाली मऊ असे विजोड व्हायचे. पण तांब्याच्या सुया त्यांच्याआधी थिजतात आणि त्यांचे जाळे त्या घनांना जागच्या जागी अडकवून ठेवते. साडेतीन टक्के तांबे काढून टाकले तर सारी पंगतच विस्कटते.

या मऊ-कठीण जोडीने किती कामे साधतात ते पाहा. शुद्ध कथील भाराखाली पसरून गेले असते. या स्फटिकांमुळे ते तग धरते. दांडा किंचित वाकडा असला तरी मऊ अस्तर त्याच्या अंगाने स्वतःला बेतून घेते. तेलातून वाळूचा कण आला तर तो अस्तरात रुतून बसतो आणि दांड्यावर ओरखडा उठत नाही. सगळे चालू असताना दांडा आणि अस्तर यांच्यामध्ये तेलाचा थर असतोच. १८८३ साली बोशँप टॉवर या इंग्रज इंजिनिअरने रेल्वेच्या बेअरिंगला वरून भोक पाडले, तेव्हा तेल त्यातून उसळून बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, तेही तेलाने उडवले. फिरता दांडा तेलाला आपल्याखाली ओढतो आणि त्यावर तरंगतो, हे तेव्हा कळले. पण यंत्र सुरू होताना आणि थांबताना हा थर नसतो. त्या क्षणी धातूचा खरा स्वभाव कामाला येतो.

हॉट ॲक्सल

व्हाइट मेटलचे मोल कळायचे तर वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या रेल्वेकडे पाहावे. डब्याच्या आसाच्या टोकावर ब्राँझचा सांगाडा बसे, त्यात व्हाइट मेटलचे अस्तर, आणि खाली तेलात भिजवलेले सुताचे बोळे. तेल सुकले, धूळ गेली किंवा भार फार झाला की टोक तापू लागे. यालाच रेल्वेचे लोक 'हॉट ॲक्सल' म्हणत. बॅबिट उकळत्या पाण्याइतका तापला तरी त्याचा कठीणपणा जवळजवळ निम्मा होतो, आणि सुमारे २४० अंश सेल्सिअसला तो वितळू लागतो. वितळणे हा अर्थात त्याचा दोष. पण त्यात एक उपकारही असे. धूर आणि जळका वास यांनी तो आधी ओरडून सांगे. स्वतः वितळून जाई, आणि आस अजून शाबूत असतानाच गाडी थांबवण्याची संधी देई. ती संधी हुकली तर मात्र ब्राँझ थेट आसावर घासे, आस लाल होई आणि तुटेही. मग गाडी रुळावर राहत नसे.

गाडी स्थानकात शिरताना तिच्या चाकांकडे टक लावून उभे राहणारे आणि गाडी थांबल्यावर ॲक्सलच्या पेटीला हात लावून पाहणारे कर्मचारी अनेकांनी पाहिले असतील. आता रोलर बेअरिंगे आली आहेत. त्यांचे पोलाद सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेले, फार कठीण. तिथे घसरण्याऐवजी गडगडणे असते. तरी तापण्याची भीती संपलेली नाही. हाताऐवजी उष्णता मोजणारी उपकरणे आली, एवढाच फरक.

तेल पिणारा बुश

व्हाइट मेटल मऊ पडते तिथे ब्राँझ लागते. ब्राँझ म्हणजे तांब्यात साधारण दहा टक्के कथील. आता त्यात शिसे घातले तर काय होईल? शिसे तांब्यात विरघळत नाही. थिजलेल्या ब्राँझमध्ये ते वरणावरच्या तुपाच्या डोळ्यांसारखे ठिपक्याठिपक्यांनी वेगळे राहते. ऐरवी धातूशास्त्रज्ञ अशा फटकून राहण्याला दोष मानील. पण घासताना हेच ठिपके पुसले जाऊन पृष्ठभागावर शिशाचा पातळ थर पसरतात. हाड ब्राँझचे, कातडी शिशाची. तेल क्षणभर कमी पडले तरी ही कातडी वेळ निभावून नेते.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि गळीत हंगाम सुरू होतो. ऊस चिरडणारे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात आणि त्यांच्यावर शेकडो टनांचा दाब असतो. इतक्या संथ चालीत तेलाचा थर नीट धरतच नाही. म्हणून तिथे गनमेटल किंवा शिसे घातलेल्या ब्राँझची जाड बेअरिंगे बसवतात आणि पाण्याने थंड ठेवतात. ती झिजतात आणि हंगाम सरला की बदलली जातात. रोलरचा अवजड दांडा झिजण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते.

मिक्सरमधला बुश हा याच घराण्यातला धाकटा. तो बहुधा ओतलेला नसतो. नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील यांची पूड साच्यात दाबून, न वितळवता भट्टीत भाजतात. कण एकमेकांना चिकटतात, पण मध्ये बारीक छिद्रे राहतात. एकूण आकाराच्या पाचव्या हिश्शाइतकी. त्या छिद्रांत तेल भरतात. दांडा फिरून तापला की तेल बाहेर पाझरते, थांबून थंड झाला की ते पुन्हा आत शोषले जाते. मात्र भांड्याच्या बुडातून मसाल्याचे पाणी आत झिरपत राहिले, किंवा चटणीसाठी मिक्सर पाच-दहा मिनिटे अखंड फिरवला, तर हे तेल धुऊन तरी जाते किंवा जळून तरी जाते. मग उरते ते ब्राँझ आणि पोलाद यांचे कोरडे भांडण. मिक्सर अधूनमधून थांबवावा, हा सल्ला मोटारीइतकाच बुशासाठीही आहे.

काम करता करता बदलणारे धातू

आतापर्यंत आपण धातूची रचना ओतताना जी झाली तीच शेवटपर्यंत राहते असे धरून चाललो. प्रत्यक्षात घासणे आणि ठोकणे यांनी ती रचनाच बदलते. रॉबर्ट हॅडफील्ड याने १८८२ साली शेफील्ड येथे एक चमत्कारिक पोलाद केले. त्यात बारा-तेरा टक्के मँगेनीज आणि एक टक्क्याहून थोडा अधिक कार्बन होता. नवे असताना हे पोलाद फारसे कठीण नसते. पण त्याला जसजसे बडवावे तसतसा त्याचा वरचा थर कठीण होत जातो, आणि गाभा चिवटच राहतो. म्हणून रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथले तुकडे आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे या पोलादाचे करतात. मात्र जिथे नुसतीच हलकी घासाघाशी आहे आणि ठोसा नाही, तिथे हा पैलवान जागाच होत नाही आणि साध्या धातूसारखा झिजतो. कोणत्या कामाला कोणता धातू, हे म्हणूनच नुसत्या कठीणपणाच्या आकड्यावरून ठरत नाही.

बिडाची गोष्टही अशीच आहे. बिडाच्या लोखंडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो. बरोबर दोनेक टक्के सिलिकॉन असेल आणि ओतीव सावकाश थंड झाले, तर तो कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. पेन्सिलीत असते तेच हे ग्राफाइट, आणि ते स्वतःच वंगण आहे. सिलिकॉन कमी पडले किंवा ओतीव झटकन थंड झाले, तर तोच कार्बन लोखंडाशी संयोग पावून पांढरे, काचेसारखे कठीण आणि ठिसूळ बीड तयार होते. कार्बन तितकाच, रचना निराळी, आणि स्वभाव अगदी उलटा. ग्राफाइटमुळेच इंजिनात बिडाच्या सिलिंडरमध्ये बिडाचीच रिंग खुशाल सरकते. 'एका जातीचे दोन नकोत' हा नियम इथे मोडतो, कारण दोघांच्या मध्ये ग्राफाइटची पूड मध्यस्थी करते.

माणसाच्या खुब्यात

यंत्राचा बुश बदलता येतो. पण तो माणसाच्या शरीरात असेल तर? ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली याने खुब्याचा कृत्रिम सांधा बनवायला घेतला, तेव्हा त्याने सर्वांत निसरडा म्हणून टेफ्लॉनची वाटी निवडली. तीत धातूचा गोळा फिरायचा. रुग्ण आनंदाने चालू लागले. पण दोन-चार वर्षांत वाट्या झिजून गेल्या आणि त्यांच्या भुग्याने आतल्या पेशी चिडून उठल्या. सुमारे तीनशे रुग्णांवर ही वेळ आली. घर्षण कमी म्हणजे झीज कमी असे नव्हे, हा धडा इतका महाग पडला. १९६२ च्या अखेरीस चार्नलीने पॉलिएथिलीन हे दुसरे प्लास्टिक वापरायला सुरुवात केली. त्याआधी ते शरीराला सोसते की नाही हे पाहण्यासाठी त्याने त्याचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून घेतला होता.

पॉलिएथिलीनही झिजते, आणि त्याच्या कणांनी आजूबाजूचे हाड विरघळू लागते. तेव्हा वाटीही धातूचीच का करू नये, हा विचार पुन्हा वर आला. कोबाल्टमध्ये सुमारे २८ टक्के क्रोमियम आणि सहा टक्के मॉलिब्डेनम, असा तो मिश्रधातू. त्यात पाव टक्का कार्बन घातला की कठीण कार्बाइडचे दाणे तयार होतात आणि झीज आणखी उतरते. प्रयोगशाळेत हे सांधे लाखो फेरे फिरवले, तेव्हा घट प्लास्टिकपेक्षा कितीतरी कमी भरली. धातूच्या वरच्या थरातले स्फटिक घासून घासून अतिसूक्ष्म होतात आणि सांध्यातल्या द्रवातले पदार्थ त्यात मिसळून एक संरक्षक साय धरते. २०११ साली या सायीत ग्राफाइटसारखा कार्बन सापडला. बिडातल्या ग्राफाइटची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट.

परंतु शरीर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. वाटी उथळ असली किंवा किंचित कलती बसली की भार तिच्या कडेवर येई, द्रवाचा थर तुटे आणि धातू धातूला भिडे. घट वजनात थोडीच. पण कण इतके बारीक की त्यांची संख्या अफाट, आणि त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरे. ऑगस्ट २०१० मध्ये असा एक सांधा जगभरातून परत मागवला गेला. तो सुमारे ९३ हजार रुग्णांना बसवलेला होता, त्यात भारतातलेही हजारो होते. ब्रिटनमधल्या नोंदींप्रमाणे पाच वर्षांत शंभरातल्या बारा-तेरा जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली होती.

इथे चुकले कोठे? मिश्रधातू वाईट नव्हता. पण या जोडीत झिजायचे कोणी, हे ठरवलेच नव्हते. दोघेही कठीण, दोघेही एकाच जातीचे, आणि दोघांमध्ये केवळ एका नाजूक सायीचा भरवसा. आता बहुतेक ठिकाणी धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा आणि अधिक चिवट केलेल्या पॉलिएथिलीनची वाटी अशी जोडी वापरतात. म्हणजे पुन्हा एक कठीण आणि एक मऊ. ज्यांच्या खुब्यात धातूवर धातू असा जुना सांधा आहे, त्यांनी दुखत नसले तरी डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी, रक्तातला कोबाल्ट आणि क्रोमियम मोजण्याबद्दल विचारावे, हे या निमित्ताने आवर्जून सांगावेसे वाटते.

झिजलेले जाते कुठे?

या अनुभवाने जुन्या प्रश्नाला एक नवा प्रश्न जोडला. झिजायचे कोणी हे ठरवले, ठीक. पण झिजलेले जाते कुठे? मोटारीच्या बेअरिंगमधले शिसे कणाकणाने इंजिनच्या तेलात उतरते. तेल बदलले की ते जमिनीत, गटारात जाते. जुनी बेअरिंगे भंगारात जातात, आणि ती वितळवणाऱ्याच्या भट्टीच्या धुरातून शिसे त्याच्या आणि आसपासच्या मुलांच्या अंगात जाते. शिसे मुलांच्या मेंदूला किती घातक, हे आता सर्वमान्य आहे. युरोपात २००० साली मोटारींतल्या शिशाविरुद्ध कायदा झाला आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत नव्या गाड्यांच्या बेअरिंगमधून ते हद्दपार झाले.

त्याच्या जागी काय आणायचे? तांब्यात न विरघळणारा, मऊ आणि विषारी नसलेला असा कोणी हवा होता. शिशाचाच शेजारी बिस्मथ पुढे आला. दुसरी वाट म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सुमारे वीस टक्के कथील. कथील ॲल्युमिनियमशी फटकून राहते आणि जाळ्यासारखे पसरते. त्यात थोडे सिलिकॉन घातले तर त्याचे कठीण दाणे दांड्यावरचे बारीक काटे घासून काढतात. नावे बदलली, पण बॅबिटचा शिरा आणि बर्फी यांची युक्ती तीच.

या खटाटोपाला मोल किती आहे, याचा हिशेबही झाला आहे. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण आणि झीज यांकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील असे सांगितले, आणि या विद्येला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव दिले. २०१७ साली होल्मबर्ग आणि एर्देमिर या दोघा शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की, जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के घर्षण आणि झीज यांच्यापायी जाते. त्यातले २० टक्के नुसते घर्षणाशी झगडण्यात आणि तीन टक्के झिजलेले भाग पुन्हा करण्यात.

तेव्हा या दिवाळीत सोनाराकडे बसलात, मिक्सर दुरुस्तीला दिलात, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खुब्याबद्दल सर्जनशी बोलायची वेळ आली, तर संकोच न करता दोन प्रश्न विचारा. यात झिजणार कोण? आणि झिजलेले जाणार कुठे? पहिल्याचे उत्तर बहुतेकांना देता येईल. दुसऱ्याचे ज्याला देता येईल, त्याच्यावर थोडा अधिक विश्वास टाकायला हरकत नाही.